लालबागचा गायब गज

"परत गज गेला!" लालबागहून सावंतसाहेब फोनवर असे ओरडले, की दादरच्या ऑफिसात फोन नसता तरी मला ऐकू आलं असतं.

मी ट्रॅफिक इंजिनिअर. लोकांनी मधूनच रस्ता ओलांडू नये म्हणून आम्ही तिथे डिव्हायडरवर लोखंडी रेलिंग लावलेलं. त्यातला एक गज दर पंधरवड्याला गायब. आमचा वेल्डर इतक्यांदा येऊन गेला, की समोरच्या चाळीतून त्याला दोन बारशांची आमंत्रणं आली.

"चोर पकड," साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन उभा राहिलो. चोर नाही, चाळीच्या बोळातून कांबळेआजी आल्या. काठी टेकत, अंग तिरकं करून गज गेलेल्या फटीतून निघाल्या. तेवढ्यात बाइक आली. काठी उडाली. आजी वीतभर अंतराने वाचल्या.

"आजी, झेब्रा तिकडे आहे ना, टॉवरसमोर!"

"मला काय टॉवरात फ्लॅट घ्यायचाय? दवाखाना हा इथं समोर. गुडघ्याला शेक घ्यायला जाते, बाबा. तिकडून फिरून आले तर शेकलेला गुडघा घरी येईपर्यंत परत बोंबलतो."

लोकांचे पाय आपणहून धरतात त्या वाटेला आम्ही डिझायर लाइन म्हणतो. इथली वाट बोळातून सरळ समोर. तिथे पूर्वी मिलचं गेट होतं, चाळ तीन पिढ्या तिथूनच जातेय. आणि टॉवरसमोरचा झेब्रा मीच आखला होता, ऑफिसात बसून, नकाशा बघून. हे साहेबांना सांगायची घाई मी केली नाही.

"आणखी उंच रेलिंग लाव," आजींचं सांगितल्यावर साहेब म्हणाले.

"लावू की. आधी एकदा आजींबरोबर झेब्र्यावरून जाऊन या."

आजींची पिशवी घेऊन साहेब निघाले तेव्हा त्यांचे केस काळेभोर होते. पलीकडे पोचेपर्यंत पांढरे झाले, देवाशपथ. अर्ध्यातच सिग्नल सुटला, दोघं डिव्हायडरवर अडकले. दोन्ही बाजूंनी बस.

"दमलास काय रे? धर माझी काठी," आजी म्हणाल्या.

परत आल्यावर साहेब एवढंच म्हणाले, "झेब्रा हलव."

झेब्रा आणि सिग्नल बोळासमोर आले. हिरवा माणूस आता आजींच्या चालीने चालतो. जुन्या झेब्र्याजवळचं रेलिंग पुरं करायला वेल्डर आला, तर आजींनी गॅलरीतून हाक मारली, "नवे गज कशाला आणतोस? हे ने."

पाच गज. त्यांवर आजींची लुगडी वाळत होती.

"कापले कोणी, आजी?" मी खालून विचारलं.

"गंजून पडले असतील रे."

त्यानंतर एकही गज गंजला नाही. मी मात्र आता कुठेही झेब्रा आखायचा तर नकाशा उघडण्याआधी एक सकाळ तिथल्या बोळाच्या तोंडाशी काढतो.