दंडासीचं निजलेलं हाड

माझा धाकटा भाऊ दंडासी डायलिसिसच्या खाटेवर झोपला की माडावर चढायचा. थट्टा नव्हे. डोळे मिटलेले, हातात सुया, नळ्यांतून रक्त फिरतंय, आणि याचे दोन्ही पाय चादरीखाली एकमेकांना चिकटून हळूहळू वर सरकताहेत. मग हात हलायचा, यंत्र केकाटायचं आणि नर्स धावत यायची.

"डिल्लम्माक्का, तुमच्या भावाला खाली उतरवा बरं!"

मी त्याच्या डोक्यात टपली मारायची. तो डोळे उघडायचा, पण वरचा उजेड काही त्याच्या तोंडावरून लगेच जायचा नाही.

"कुठे होतास रे?"

"वर. अक्का, तिथून समुद्र इतका जवळ दिसतो ना, वाटतं पाय सोडून बसावं."

"नूकम्मा दारात उभी आहे. तिला सांग, मी आता समुद्रातच राहतो म्हणून."

नूकम्मा म्हणजे त्याची बायको. ती बिचारी हसायची. आमच्या ह्या उद्दानम भागात हसण्यावारी नेलं नाही तर माणसानं जगावं कसं? गल्लीगल्लीत किडनीचा आजार. माझा नवरा त्यातच गेला. शहरातली माणसं येतात, विहिरीचं पाणी बाटलीत भरून नेतात, माती नेतात, आणि काय सापडलं ते सांगायला कोणी परत येत नाही. डायलिसिसची खोली हीच आता आमची चावडी. लग्नं तिथेच जमतात, भांडणं तिथेच मिटतात. आणि गंमत बघा, माडांच्या गावात राहून ह्या माणसांना शहाळ्याचा घोट वर्ज्य.

दंडासीचा सगळा जन्म माडांवर गेला. पायात दोरीचं कडं अडकवून तो असा वर जायचा की खालच्याला वाटावं, झाडच याला उचलून घेतंय. किडन्या गेल्या तेव्हा तो रडला नाही. मग हाडं दुखायला लागली. आधी मांड्या, मग कंबर. एकदा शिंकला तर बरगडी मोडली. उंबरा ओलांडायला त्याला माझा खांदा लागायला लागला. तेव्हा मात्र तो रडला, आणि मी त्याच्यावरच खेकसले. मला रडणारा माणूस बघवत नाही.

शहरातल्या इस्पितळात हैमवती नावाच्या डॉक्टरम्मा होत्या. त्यांनी समजावलं. गळ्यात तुरीच्या डाळीएवढ्या गाठी असतात. किडनी गेली की त्या माजतात आणि हाडांतला चुना ओढून काढतात. गाठी कापल्या की दुखणं थांबतं.

"मग कापा की!" मी म्हटलं.

"थांबा अम्मा. काहींची हाडं खाल्ली जात नसतात, ती निजलेली असतात. जुनं मोडत नाही, नवं बनत नाही. दुखणं वरून सारखंच. तशा माणसाच्या गाठी कापल्या तर हाड पुन्हा जागं होणं कठीण. रक्त म्हणतंय, गाठी माजल्यात. पण मला हाडालाच विचारायचंय."

हाडाला विचारायची रीत मोठी अजब. पिवळ्या गोळ्या काही दिवस घ्यायच्या, मग मध्ये सोडायच्या, मग पुन्हा घ्यायच्या. जिथे नवं हाड रचलं जात असेल तिथे तो पिवळेपणा जाऊन बसतो. मग कमरेतून खडूएवढा तुकडा काढायचा आणि खास दिव्याखाली धरायचा. दोन रेघा चमकतात. त्यांच्यातल्या अंतरावरून हाडाची चाल कळते.

"दुधाबरोबर घ्यायच्या नाहीत," डॉक्टरम्मांनी बजावलं. "आणि जेवणासोबत घेता त्या चुन्याच्या गोळ्यांबरोबरही नाहीत."

दंडासीला हे सगळं भारी आवडलं. दुपारी माडांच्या सावलीत चटईवर पडून तो पोट चोळत म्हणायचा, "अक्का, मला आतून हळद लागतेय."

"या वयात तुला दुसरी बायको कोण देणार?"

कमरेतून तुकडा काढला तेव्हा त्यानं माझं मनगट असं धरलं की वळ उठले. आणि मग निकाल आला. रेघच नाही. एकही नाही.

"हाड बहुधा निजलंय," डॉक्टरम्मा म्हणाल्या. त्यांचं त्यांनाच पटलेलं दिसत नव्हतं. "रक्त एक सांगतंय, हाड दुसरंच. ऑपरेशन आत्ता नको. जरा विचार करते मी."

'बहुधा' आम्ही ऐकलं. दंडासीनं नाही ऐकलं. बसमध्ये तो खिडकीला डोकं टेकून बसला. बाहेर काजूला मोहर आला होता, सगळा रस्ता गोड वासानं जड झालेला.

"अक्का, माड मेला तरी बुंधा वर्षानुवर्षं उभा राहतो. लांबून कळतही नाही. मी तसलाच झालोय."

दुसऱ्या दिवशी तो डायलिसिसला गेला नाही. पुढच्या पाळीलाही नाही. बागेत चटई टाकून वर बघत पडला. झावळ्यांतून ऊन गळत होतं, खाली याच्या छातीवर ठिपके हलत होते, आणि हा हसत होता. तोंड सुजलेलं, श्वास लागलेला, तरी हसत होता. त्या हसण्याची मला भीती वाटली. नूकम्मा पाय धरून रडली तर म्हणाला, "मेलेल्या लाकडाला कशाला गं धुऊन घ्यायचं?"

मी फोनवर डॉक्टरम्मांना नाही नाही ते बोलले. त्यांच्या जागी दुसरी असती तर तिनं फोन आपटला असता. त्या तपासणी शिबिरासाठी आमच्या भागात यायच्याच होत्या, त्या थेट बागेत आल्या. नाडी पाहिली, पाय दाबून पाहिले, पिशवीतून एक गोळी काढली. "ही आत्ता द्या, आणि आजच डायलिसिसला न्या."

नूकम्मानं पदराला हात पुसले. "हीपण ताकातूनच देऊ ना?"

"हीपण म्हणजे?"

"त्या पिवळ्या गोळ्या दिल्या तशी. फार उष्ण होत्या हो! पहिल्याच दिवशी ह्यांच्या पोटात आग पडली. मग रोज वाटीभर ताकातून दिल्या. पाणी मोजूनच प्यायचं ना, म्हणून तेवढं पाणी कमी प्यायचे बिचारे." मग घाबरून म्हणाली, "दुधाचा थेंब नाही दिला हां! गंगम्मा देवीची शपथ!"

आमच्याकडे कडक औषध ताकाशिवाय पोटात जातच नाही. माझ्या हातात असतं तर मीही तेच केलं असतं. डॉक्टरम्मा मात्र मटकन चटईवर बसल्या.

"अहो, ताक म्हणजे दूधच की!"

"असं कसं?" मी म्हटलं. "मग उद्या राखेला लाकूड म्हणाल!"

त्या हसल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "ताकातल्या चुन्यानं ते औषध पोटातच धरून ठेवलं, अम्मा. हाडापर्यंत पुरेसं पोचलंच नसणार, मग रेघ कुठून उमटेल? मी ताकाचं विचारायला हवं होतं." मग दंडासीकडे वळल्या. "तुमचं हाड निजलंय की जागं आहे, मला माहीत नाही. पुन्हा बघावं लागेल."

"पुन्हा भोसकून घ्यायचं?" दंडासीनं डोळे मिटले. "नको. मी छान आहे इथे."

माझं डोकंच फिरलं. "छान आहेस? माझा नवरा गेला तेव्हा त्याला काय झालंय हे सांगायलाही कोणी नव्हतं! तुला विचारायला ही बाई उन्हातून चालत आली, आणि तू झावळ्या मोजतोयस? मरायचं तर मर मेल्या, पण ताकापायी मरू नकोस! लोक काय म्हणतील मला?"

मग त्याचं पोट हलायला लागलं. हसत होता, पण आता खरं हसू. "ताकापायी," तो म्हणाला, आणि हात पुढे केला. आम्ही दोघींनी त्याला उठवला.

पुन्हा गोळ्या झाल्या, या खेपेला नुसत्या घोटभर पाण्याबरोबर. पोटात आग पडली की नूकम्मा ओला पंचा ठेवायची आणि ताकाच्या मडक्याकडे बघून उसासे टाकायची. पुन्हा तुकडा काढला. मग एका सकाळी डॉक्टरम्मांनी आम्हाला शहरात बोलावून एका अंधाऱ्या खोलीत नेलं. यंत्राच्या भिंगातून निळसर उजेड येत होता. दंडासी वाकला आणि तसाच राहिला.

"दिसल्या?" डॉक्टरम्मांनी विचारलं.

"पिवळ्या," तो कुजबुजला. "दोन-दोन. खूप आहेत. सगळीकडे."

"आणि एकमेकींपासून लांब लांब. हाड निजलेलं नाही, वेड्यासारखं धावतंय. मोडतंय आणि बनतंय. आजार जोरात आहे. गाठी काढू या."

आजार जोरात आहे म्हटल्यावर नूकम्मानं डॉक्टरम्मांचे हातच धरले. अशी बातमी ऐकून आनंदानं रडणारी माणसं त्या खोलीनं कधी पाहिली नसतील. दंडासी भिंगापासून हलेना.

"अक्का, मी बागेत मेलोय म्हणून पडलो होतो ना, तेव्हाही हे चालूच असणार."

"हो बाजूला, मला बघू दे."

मी डोळा लावला. नुसतं पिवळंनिळं पाणी.

"काही दिसत नाही रे!" मी ओरडले.

"डोळे पूस आधी," दंडासी म्हणाला.