आईच्या गळ्यातला रुपया

ऑपरेशनला दोन दिवस उरले असताना आईच्या गळ्यातला रुपया तुटला. राणी छाप, चांदीचा. तिची पहिली दोन मुलं जगली नव्हती. म्हणून माझ्या वेळी तिच्या आईनं वळसंगहून येऊन तो काळ्या दोऱ्यात ओवून तिच्या गळ्यात बांधला होता. मी जगलो, रुपया गळ्यातच राहिला. राणीचा चेहरा केव्हाच झिजून गेला होता. आता दोऱ्यानं भोकाची कडही कापली आणि आंघोळ करताना तो मोरीत पडला.

"मी न्हाय जायची दवाखान्यात," आई म्हणाली.

हृदयाची झडप बदलायची होती. आणखी लांबवू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. मी रुपया घेऊन तडक सराफाकडे गेलो. त्यानं तो उजेडात धरला.

"पार पातळ झालाय. जोड द्यायला गेलं की वितळणार. आटवून नवा ताईत करतो. संध्याकाळी घेऊन जा."

"तिला कळेल."

"सांगितलं नाही तर कसं कळेल?"

मी हो म्हणणारच होतो. पण आटवला आणि आईचं काही बरंवाईट झालं तर? आणि तसाच परत नेला नि ती दवाखान्यात आलीच नाही तर? शेवटी तिलाच फोन लावला.

सराफ काय म्हणतोय ते सांगितलं. ती म्हणाली, "आटवू नको. माझ्या आईचा हात लागलाय त्याला. हाय तसा घेऊन ये."

घरी बायकोनं तो आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात शिवला. आईनं ती पुरचुंडी हातात घेतली, थोडा वेळ बघितली आणि माझ्याच दंडाला बांधली.

"तुज्यासाठीच बांधला व्हता त्यो. आता तू संभाळ. चल, येते मी दवाखान्यात."

ऑपरेशन चाललं होतं तेवढा वेळ मी बाहेरच्या बाकावर दंड धरून बसलो होतो. दार उघडलं की उठून उभा राहायचो. अखेर डॉक्टर आले. झडप नीट बसली होती.

घरी आल्यावर मी पुरचुंडी सोडू लागलो, तर आईनं हात वर केला. "ऱ्हाऊ दे की. माझ्या टाक्यांवर दोरा घासंल."

अजून दंडालाच आहे. गर्दीत, आंघोळीला जाताना मी आधी तिथं चाचपून बघतो.