मामंजींचा खरारा

घोडीला खरारा केल्यानं माणसाची तब्येत सुधारते, हे मी शपथेवर सांगेन. माझ्या सासऱ्यांची सुधारली. आमच्यात सासऱ्याला मामंजी आणि सासूला आत्याबाई म्हणायची रीत. मी लग्न होऊन माले गावात आले तेव्हा मामंजींचा उजवा खांदा आखडला होता. पाण्याचा तांब्यासुद्धा आत्याबाईंनी हातात द्यायचा. खांदा धड होता तेव्हाही त्यांनीच द्यायचा, ती गोष्ट वेगळी.

पौडच्या डॉक्टरांनी औषध दिलंच नाही. म्हणाले, "दारात घोडी आहे ना? मग रोज तिला तुम्हीच घासा."

झालं! मामंजींनी गड्याच्या हातातला दातेरी खरारा काढून घेतला. मान, पाठ, पोट घासायचं, मग पाय चोळायचे. घाम नुसता निथळायचा. पावसाळा लागेस्तोवर हात डोक्याच्या वर जायला लागला, भूक वाढली, झोप लागायला लागली. आणि स्वभाव? जन्मात घरात कुणाशी गोड न बोललेला माणूस घोडीशी बोलायला लागला. "दमलीस व्हय, माजी बाय? कुटं दुखतंय? हितं?" चुलीपाशी आम्हा दोघींना सगळं ऐकू यायचं. आत्याबाई मग भाकरी जरा जास्तच जोरात थापायच्या.

भातलावणीच्या चिखलात वाकून वाकून आत्याबाईंचे गुडघे कामातून गेले होते. मी तेल चोळते म्हटलं की "ऱ्हाऊ दे गं" म्हणायच्या. मला वाटायचं, संकोच असेल. संकोच कसला डोंबलाचा! त्यांना हात दुसराच हवा होता.

एका सकाळी त्यांनी तेलाची वाटी उचलली आणि तडक गोठ्यात जाऊन घोडीशेजारी पाट टाकून बसल्या.

मामंजी दचकले. "हितं काय करतीस?"

"बसलेय. घोडीचं चोळून झालं की चुकून माज्या गुडघ्यावर बी हात पडंल, म्हनून."

मामंजींनी खरारा बाजूला ठेवला. मग खाली बसले, वाटीत बोटं बुडवली, आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, "पाय उचल, माजी बाय." आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, हसतायत. हसत नव्हत्या.

मग तो रोजचाच नेम झाला. आधी घोडी, मागनं आत्याबाई. माझं डोकं फिरायचं. एकदा म्हटलंच, "आत्याबाई, तुमचा नंबर घोडीच्या मागनं?"

"गप गं," त्या म्हणाल्या. "माजा नंबर तरी लागला. तुज्या नवऱ्याला तर घोडीची बी आवड न्हाई."