दाजींच्या बाजूने

सानिका माझ्याशी कधी मराठीत बोलत नाही. इथे अमिरातीत, फुजैरातच जन्मलेली आणि वाढलेली माझी भाची. मी मराठीत विचारायचं आणि तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं, हे आमचं ठरलेलं. त्या दिवशी मी शारजाच्या हमरिया बंदरातल्या आमच्या गोदामात कंटेनर उतरवून घेत होतो, तेव्हा तिचा फोन आला आणि ती म्हणाली, “मामा, बाबा गेले.” सबंध वाक्य मराठीत... मी तिथेच एका खोक्यावर बसलो. त्याला आता काही आठवडे झाले.

बाबा म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, शशिकांत. आमचे दाजी. डोंबिवलीहून केमिस्ट म्हणून फुजैराला आले आणि तिथलेच झाले. बंदरात जहाजं तेल भरतात, त्या तेलाचे नमुने तपासणाऱ्या लॅबमध्ये त्यांची नोकरी. तेल भरतानाच नमुना घ्यायचा, दोन्ही पक्षांच्या देखत बाटल्या सील करायच्या, आणि पुढे भांडण झालं तर जपून ठेवलेली बाटली उघडायची. ती सांगेल ते खरं. कितीतरी कप्तान त्यांच्यावर तोंडसुख घेऊन गेले असतील. दाजी चहाचा घोट घेत म्हणायचे, “कॅप्टनसाब, आप चिल्लाओ. बोतल नहीं चिल्लाती. खलास.”

अशा माणसाला बेसबॉलचं वेड लागलं. लॅबचा पहिला मॅनेजर अमेरिकन होता, त्यानं ते लावलं. मॅनेजर परत गेला, वेड राहिलं. मी एकदा म्हटलं, “दाजी, आपलं क्रिकेट काय वाईट आहे?” तर म्हणाले, “क्रिकेटमध्ये घरात सगळे एकाच बाजूचे. भांडायचं कुणाशी?” मग ही सोय मी केली. त्यांचा संघ हिरव्या टोप्यांचा, म्हणून मी लाल टोप्यांचा झालो. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मेहुण्याचा धर्म पाळायला हवा होता. शुक्रवारी संध्याकाळी डोंगरातला रस्ता पार करून मी त्यांच्याकडे जायचो आणि शनिवारी सकाळी सहाला, तिकडे अमेरिकेत आदल्या दिवसाची संध्याकाळ असताना, आम्ही दोघं टीव्हीसमोर बसायचो. ताई कांदेपोहे आणून ठेवायची आणि कपाळाला हात लावून आत जायची.

आमच्या लालवाल्यांत एक दाढीवाला होता. तो चेंडू मैदानाबाहेर असा टोलवायचा की बघत राहावं. त्याच्यावर स्टेरॉइड घेतल्याचा आरोप झाला, तेव्हा अजून काही सिद्ध व्हायचं होतं. पण दाजींचा निकाल लागलेला. “मान बघ त्याची! रेड्यासारखी झालीय. चाचणी कशाला हवी?” त्याचे सगळे विक्रम पुसून टाका, असं त्यांचं म्हणणं. पुढे त्यांच्या हिरव्यांचा लाडका डावखुरा पकडला गेला. चाचणीतच पकडला गेला, आरोपाचा प्रश्नच नव्हता. त्या शनिवारी सकाळी मी शिट्टी वाजवतच टीव्हीसमोर येऊन बसलो.

“काय दाजी, बाटली बोलली म्हणे?”

“लॅबची चूक असेल,” दाजी म्हणाले.

मी हसून हसून बेजार झालो. सानिका चिडली. “बाबा, सेम टेस्ट, सेम लॅब! दॅट्स सो अनफेअर!” दाजींनी पोह्यांत लिंबू पिळलं आणि अगदी सरळ चेहऱ्यानं म्हणाले, “बेटा, न्याय करायला मी तिथे पंच नाही. मी त्याचा माणूस आहे.” ही तेव्हा मला शुद्ध लबाडी वाटली. पुढे कित्येक शनिवार मी त्यावरून त्यांना टोचत राहिलो आणि ते तितक्याच निर्लज्जपणे हसत राहिले.

मग त्यांना सारखा ताप येऊ लागला. दंडावर, पाठीवर काळेनिळे डाग उठायचे. रक्त तपासलं, तर रक्ताचा कॅन्सर निघाला. उपचार लगेच सुरू करायला हवेत, असं डॉक्टरांनी बजावलं. दाजींनी रिपोर्ट बाजूला सरकवला. “लॅबची चूक असेल.” शारजात पुन्हा तपासलं. तेच. दुबईत तपासलं. तेच. प्रत्येक ठिकाणी रक्त घेणाऱ्या नर्सला ते विचारायचे, “लेबल माझ्यासमोर लावलंत ना?” आयुष्यभर दुसऱ्यांना बाटलीपुढे मान तुकवायला लावणारा हा माणूस स्वतःच्या बाटलीचं ऐकेना. ताई रडली, सानिका भांडली. मोलाचे आठवडे त्यात गेले. मला त्याचा राग येतो, अजून येतो. माणूस गेल्यावरही राग राहतो, हे मला माहीत नव्हतं.

शेवटी दुबईच्या हॉस्पिटलात, तिसरा रिपोर्ट उशाशी पडलेला असताना, त्यांनी मला एकट्याला आत बोलावलं. तोंड पार उतरलं होतं. म्हणाले, “नितीन, घरात सगळे माझ्या बाजूचे. तू तेवढा दुसऱ्या पार्टीचा. माझ्या डावखुऱ्याला तू एक दिवस सोडलं नाहीस. आता खरं सांग. चूक आहे की नाही?”

खरं सांगायचं ठरवूनच मी आत गेलो होतो. शब्दही जुळवले होते. पण ते माझ्याकडे असे बघत होते, की माझी जीभ वळेना. “दाजी,” मी म्हटलं, “असू शकते चूक. मुंबईला एकदा दाखवू या.”

त्यांनी उशाशी पडलेला रिपोर्ट उचलून त्याची घडी घातली. मग म्हणाले, “म्हणजे खरं आहे.”

“असं कुठे म्हणालो मी?”

“अरे, तू माझ्या बाजूनं बोललास ना आज...” त्यांनी माझा हात थोपटला. “जा, डॉक्टरला बोलव. यल्ला, चल. सुरू करू दे काय ते.”

उपचार सुरू झाले, पण उशीर झाला होता. मी विचार करतो, चाहत्याला काय दिसत नसतं? सगळं दिसत असतं. दाजींना त्या डावखुऱ्याचंही दिसलं असणार आणि स्वतःचंही. फक्त आपल्या माणसाबद्दलचा निकाल आपल्या तोंडून निघू नये, एवढंच त्याला हवं असतं. हे मला त्या खोलीत कळलं, आणि दाजींशिवाय ते मी कुणापाशी बोलणार?

मी अजून दर शुक्रवारी फुजैराला जातो. शनिवारी सकाळी ताई स्वतः टीव्ही लावते. एवढ्या वर्षांत तिनं हा खेळ कधी धड पाहिला नाही; आता खुर्ची ओढून बसते. कुणी धावला, कुणी बाद झाला, की माझ्याकडे वळून विचारते, “हे यांच्या टीमसाठी चांगलं झालं का रे?”

“चांगलं झालं,” मी म्हणतो. प्रत्येक वेळी. परवा हिरवेवाले सपाटून हरले. ताईला वाटतं, जिंकले.