आतला दिवा

दादाची दोन सीटांची स्पोर्ट्‌स कार सुरू होऊ नये म्हणून दर शनिवारी तिच्या आतला दिवा मीच मुद्दाम चालू ठेवायचो, हे आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. मी गाडी चालवत असताना झालेल्या अपघातात दादाचा पाय अधू झाला आणि स्टिअरिंगला हात लावायची मला भीती बसली. तेव्हापासून रविवार आला की दादा म्हणायचा, "चल, तू चालव." आणि बॅटरी उतरलेली असायची.

मग मुकुंदवाडीहून बॅटरीवाला यायचा. घरची मेंढरं सोडून या कामात आलेला माणूस. टर्मिनलवर साचलेला पांढरा थर गरम पाण्यानं धुताना तो बॅटरीशीच बोलायचा, "लई उपाशी ठेवलं गं तुला." मग मान वर न करता मला म्हणायचा, "साहेब, मेंढरू असतं तर कवाच मेलं असतं."

एका रविवारी त्यानं चार्ज केलेली बॅटरी बसवली, वायरी तपासल्या आणि त्याची नजर आतल्या दिव्याच्या चालू ठेवलेल्या बटणावर थांबली. मग माझ्यावर. त्यानं बल्ब काढून खिशात टाकला. आता हा सगळं सांगणार, असं मला वाटलं. पण दादाला तो एवढंच म्हणाला, "वायरिंगमधी दोष व्हता. काढला. बसा आता."

किल्ली फिरवताच इंजिन गुरगुरलं. आम्ही थेट वाळूजपर्यंत गेलो. दादा सारखा "अजून दाब की" म्हणत होता आणि मी दाबत होतो. परत आलो तर बॅटरीवाला फाटकात थांबलेला. आम्हाला बघून त्यानं मेंढरं हाकतानाची लांब आरोळी ठोकली. दादा कितीतरी दिवसांनी पोट धरून हसला.

दोष वायरिंगमध्ये नव्हता, हे दादाला सांगणं अजून माझ्याकडं बाकी आहे.