रोहिणी जेवली का?

माझी मैत्रीण रोहिणी गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये डबा उघडून बसले होते. मेंदूत रक्तस्राव झाला म्हणे. सकाळी वर्गावर शिकवत होती ती, आणि दुपारी बारामतीच्या दवाखान्यात सगळं संपलं... संध्याकाळी तिच्या गावी, शेळगावला, तिला अग्नी दिला. परतताना तिच्या हाताखाली संशोधन करणारी अमृता गाडीत एकदम म्हणाली, "ताई, उद्या मला लॅबमध्ये जायलाच हवं. मॅडमच्या पेशींना खायला घालायचंय." मला वाटलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला.

पण ते खरं होतं. रोहिणी जीवशास्त्र शिकवायची आणि त्वचेवर काम करायची. आपल्याच दंडाचा हरभऱ्याएवढा तुकडा तिनं डॉक्टरांकडून काढून घेतला होता आणि त्यातल्या पेशी प्लॅस्टिकच्या चपट्या बाटलीत वाढवल्या होत्या. अंगाच्या उबेएवढ्या गरम कपाटात ती बाटली असायची, आणि दर एक दिवसाआड आतलं गुलाबी पाणी बदलायचं. मी आयुष्यभर जमाखर्च शिकवलेली बाई. मला हे सगळं किळसवाणं वाटायचं आणि तिला त्याचीच मजा. एकदा तिनं मला ओढतच सूक्ष्मदर्शकापाशी नेलं. पेशींच्या थरावर बारीक नळीच्या टोकानं सरळ ओरखडा काढला आणि म्हणाली, "उद्या ये." दुसऱ्या दिवशी दोन्ही काठ एकमेकांकडे सरकत आले होते. माझ्या अंगावर काटा आला. "यांना सांगतं कोण गं?" मी विचारलं. "शेजारीण," ती म्हणाली. "शेजारीण अंगाला लागून असली की पेशी गप्प बसते. शेजारीण नाहीशी झाली की तिला निरोप पोचतो, वाढ, पुढं सरक, जागा भर. अंगावरही तसंच. तळाशी नव्या जन्मतात, वर येता येता मरतात. तू बघतेस ती माझी वरची कातडी सगळी मेलेलीच आहे, संगीता. मेलेल्या बाईशी गप्पा मारतेस रोज." आणि खो खो हसली. ते हसू आता आठवलं की मला चहा गोड लागत नाही.

दहाव्याला नीरेच्या काठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. कावळे होते, समोरच्या बाभळीवर चांगले पाचसहा होते, पण खाली एकही उतरेना. तिच्या चुलत्यांनी, तात्यांनी, हात जोडून सगळी वचनं देऊन पाहिली. "तुझ्या आईला आमी बघू, पोरी. तुझं पुस्तक छापू. कशात जीव अडाकलाय तुझा?" ऊन चढत गेलं. तेव्हा माझ्या शेजारी उभी असलेली अमृता हळूच पुटपुटली, "पण मॅडम पूर्ण गेल्यात कुठं..." आणि रोहिणीच्या आईनं, काकूंनी, ते नेमकं ऐकलं. शेवटी दर्भाचा कावळा करून तात्यांनी विधी उरकला. काकूंचं मात्र तिकडे लक्षच नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी त्या बारामतीला आल्या. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. मला भीती वाटत होती, आता म्हणतील, हे टाकून द्या, माझ्या लेकीला सोडवा. अमृतालाही तीच भीती, कारण गोठवून ठेवलेला साठा नव्हता, होतं ते या एका बाटलीत. काकूंनी मान वर केली. "हिला खायला काय देता?"

अमृतानं गुलाबी पाणी दाखवलं.

"एवढ्यावर भागतं व्हय हिचं? उपाशी ठेवू नगा माझ्या पोरीला."

तेव्हापासून एक दिवसाआड तिन्हीसांजेला माझा फोन वाजायचा. "संगे, जेवली का ती?" मी अमृताला विचारून सांगायचे, "जेवली, काकू." पहिल्यांदा मला रडू आलं. पुढं पुढं तर मीही फोनची वाट पाहू लागले. रोहिणी परगावी गेलीय, एवढंच, असं मला वाटायचं आणि ते बरं वाटायचं. लोक काहीही म्हणोत.

गेल्या आठवड्यात अमृताचा चेहरा उतरलेला होता. पेशी पसरट झाल्या होत्या, वाढ थांबली होती. "म्हाताऱ्या झाल्यात, ताई. निरोप पोचतात, पण त्या दादच देत नाहीत." दोन दिवसांनी दुपारी तिनं बाटली पाहिली तर सगळ्या मरून, तळापासून सुटून पाण्यात तरंगत होत्या. आम्ही दोघी तिथंच खुर्च्यांवर बसून रडलो. काकूंना काय सांगायचं, हे काही ठरेना. संध्याकाळी फोन यायचा होता. मी तो हातात धरून बसून राहिले.

फोन आला नाही. नंतरही नाही.

न राहवून काल शेळगावला गेले. काकू चुलीपुढं होत्या, ठणठणीत. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी पाट सरकवला.

"ती आता जेवत न्हाय न्हवं?"

"काकू... कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कोण हाय?" त्यांनी तव्यावरची भाकरी माझ्या ताटात टाकली. "बस. तू तरी जेव."

मी जेवले. त्या शेजारी बसून होत्या, आणि ताट रिकामं होईपर्यंत त्यांनी माझ्या दंडावरचा हात काढला नाही.