झकेरियाच्या लुंग्या

शेजारचा झकेरिया स्वतःच्या लुंग्या स्वतः धुऊ लागला, तेव्हा पहिला संशय त्याच्या बायकोला, कुबराला आला आणि दुसरा मला. चहाचा कप उचलून मोरीत न ठेवणारा हा माणूस. कुवेतहून परतल्यावर पनवेलला बॅगांचं दुकान टाकलेलं, राहणी टापटीप, अत्तराचा शौक.

"काकू, शुक्रवारी नमाजला म्हणून निघतात, पण मशिदीत नसतात. भाऊ सांगत होता. कोणीतरी हाय बघा."

"अत्तर वाढलंय का?"

"उलट. लावतच नाहीत."

बाईकडे जाणारा अत्तर सोडत नाही. मग मला वेगळीच, दुखण्याची शंका आली.

पुढच्या शुक्रवारी आम्ही दोघी रिक्षाने त्याच्या मागावर. तो वडाळे तलावाच्या काठी एकटाच बसला होता, टोपी खिशात.

"कोणाची वाट बघताय? बोलवा तिला, मी पण बघते," कुबरा म्हणाली.

"कोणी नाय गो." त्याने मला पाहिलं आणि मान खाली घातली. मी निघू लागले, तर कुबराने माझा पदर धरला. "काकू इथंच बसतील. बोला."

लिंगाच्या टोकावर काळा डाग होता. तो पसरत होता, त्यातून रक्त येई. रक्ताने कपडा नापाक, अशुद्ध, मग नमाज कशी पढायची? मौलानांना विचारलं असतं तर आजाऱ्याला सवलत असते हे कळलं असतं. पण विचारायचं तर सांगावं लागणार. कोणा हकिमाचं मलम तो गुपचूप लावत होता.

"कुवेतची भेट असणार," कुबरा म्हणाली.

"अल्लाची कसम, तसलं काय नाय!"

पनवेलच्या त्वचेच्या डॉक्टरांनी भिंगातून पाहिलं आणि मुंबईला धाडलं. तिथे तपासणीसाठी तुकडा काढायचा, तर हा अडून बसला.

"सुरी लागली की पसरतं. हे लोक गिऱ्हाईक बघतात."

"पसरायला त्याला सुरी लागत नाही," डॉक्टरीण म्हणाली. "मलम लावण्यात गेले तेवढे दिवस पुरतात."

तो मेलेनोमा निघाला, त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग. त्या जागी फार क्वचित होणारा. बाहेरख्यालीपणाने होत नाही, हे कुबराने डॉक्टरिणीकडून दोनदा वदवून घेतलं. टोकाचा भाग काढला. जांघेतल्या गाठी तपासल्या, त्या सुदैवाने स्वच्छ निघाल्या. तरी तपासण्या चालूच राहायच्या आहेत.

झकेरिया पुन्हा शुक्रवारी मशिदीत जातो. लुंग्या मात्र कुबरा धुते, आणि आधी प्रत्येक लुंगी उजेडात धरून बघते. काल तिने मला हाक मारली, "काकू, हा डाग बघा."

चहाचा होता. तरी आम्ही दोघींनी वास घेऊन खात्री केली.